कॅमेऱ्याची जादा बॅटरी: नंबर, आकडा आणि तारीख

माढा तालुक्यात कॅमेरा बाहेर काढण्याचे दिवस ठरलेले आहेत. आषाढात पैठणहून निघालेली संत एकनाथ महाराजांची पालखी परंडा ओलांडून कुर्डू, अरण या वाटेने पंढरपूरकडे जाते. एकादशी झाली की त्याच महिन्याच्या वद्य पक्षात अरणला संत सावता महाराजांच्या पुण्यतिथीचा सोहळा होतो, श्रीफळ हंडी फुटते. पुढे माढेश्वरीचे नवरात्र, मग लग्नसराई आणि हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे. उजनीची भिंत माढा तालुक्यात असली तरी पाणी करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेले आहे. त्या काठाने फिरायचे तर अख्खा दिवस जातो आणि जवळपास विजेचे बटण असतेच असे नाही.

अशा दिवशी खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा आजही उपयोगी पडतो. त्याची झूम भिंगाची, म्हणजे खरी असते. झेनॉनचा फ्लॅश मोबाइलच्या दिव्यापेक्षा जोरदार असतो, आणि फोटो काढताना मध्येच कुणाचा फोन येत नाही. त्याची अडचण एकच. आत बसणारी बॅटरी आगपेटीपेक्षा लहान, आणि दुपार व्हायच्या आत ती उतरते. म्हणून जादा बॅटरी जवळ हवी, हे सगळ्यांना पटते. कोणती घ्यावी, इथे मात्र गोंधळ होतो.

या गोंधळाला कारण आहे. जपानमधील कॅमेरा कंपन्यांची ‘सीपा’ नावाची संघटना आहे. तिच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात दहा कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा वीस लाखांच्याही खाली होता. म्हणजे लोकांच्या कपाटांत असलेले बहुतेक कॅमेरे जुने आहेत, त्यांचे उत्पादन थांबले आहे आणि त्यांच्या अस्सल बॅटऱ्या कुर्डुवाडीच्या किंवा सोलापूरच्या दुकानात सहज मिळत नाहीत. जे मिळते त्यातले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे आपले आपल्यालाच ओळखावे लागते. ते ओळखता येते, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले असण्याची गरज नाही.

आधी हिशेब: किती बॅटऱ्या लागतील?

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘एका चार्जिंगमध्ये इतके फोटो’ असा आकडा असतो. कॅननच्या इक्सस १८५ साठी तो सुमारे २१० आहे, सोनीच्या आरएक्स१०० मार्क ७ साठी सुमारे २६०. हा आकडा कंपनीच्या मनचा नसतो. सीपाने त्यासाठी ठरावीक चाचणी घालून दिली आहे. खोलीचे तापमान २३ अंश ठेवायचे, स्क्रीन चालू ठेवायचा, दर ३० सेकंदांनी एक फोटो काढायचा, प्रत्येक फोटोच्या वेळी झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची, एकाआड एक फोटोला फ्लॅश मारायचा आणि दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करायचा.

या चाचणीतून एक सोपा हिशेब निघतो. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो, म्हणजे फोटोंच्या आकड्याला दोनने भागले की मिनिटे मिळतात. २१० फोटोंचा कॅमेरा साधारण १०५ मिनिटे चालतो, २६० चा १३० मिनिटे. बॅटरी मुख्यतः फोटोंच्या संख्येने नव्हे, तर कॅमेरा चालू राहण्याने उतरते. पक्षी कधी उडतो याची वाट पाहत भिंग बाहेर काढून, स्क्रीन चालू ठेवून अर्धा तास बसलात, तर एकही फोटो न काढता जवळपास पाव बॅटरी खर्च होते. उलट पालखी समोरून जाताना दहा मिनिटांत शंभर फोटो फ्लॅशविना काढले, तर तितका खर्च होत नाही. व्हिडिओ, वायफाय आणि उन्हात दिसावे म्हणून वाढवलेला स्क्रीनचा उजेड ही तिन्ही बॅटरी खाणारी कामे आहेत.

आता दिवसाचा हिशेब मांडा. पालखीच्या दिवशी कॅमेरा एकूण तीन तास चालू राहील असे धरले, तर १८० मिनिटे झाली. २१० फोटोंच्या कॅमेऱ्याला दोन बॅटऱ्या पुरतात, म्हणजे आतली एक आणि जादा एक. पण आतली बॅटरी पाच-सहा वर्षांची असेल तर ती मूळ क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर आलेली असू शकते. मग तीन लागतील. बहुतेकांना एक चांगली जादा बॅटरी पुरते. दिवसभर व्हिडिओ काढणाऱ्याला किंवा दोन दिवस वस्तीला जाणाऱ्याला दोन. त्याहून जास्त घेऊन कपाटात ठेवू नयेत, कारण न वापरताही त्या म्हाताऱ्या होतात. त्याचे कारण पुढे येईल.

पहिली खूण: नंबर

दुकानात कॅमेऱ्याचे नाव सांगून बॅटरी मागू नका, बॅटरीचा नंबर सांगा. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेले झाकण उघडले की खटका सरकवून बॅटरी वर येते. तिच्यावर ठळक अक्षरांत नंबर छापलेला असतो. कॅननची एनबी-११एल, निकॉनची ईएन-ईएल१९, सोनीची एनपी-बीएक्स१ अशी ही नावे असतात. शक्य असेल तर जुनी बॅटरीच खिशात घालून न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

नंबरातले एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर काय होते, ते प्रत्येक जोडीत वेगळे आहे. एनबी-११एल आणि एनबी-११एलएच या एकाच मापाच्या. दुसरी ही पहिलीची सुधारित आवृत्ती आहे. एनबी-६एल आणि एनबी-६एलएच यांचेही तसेच. पण निकॉनच्या ईएन-ईएल१२ आणि ईएन-ईएल१९ नावाने जवळच्या असल्या तरी मापाने वेगळ्या आहेत, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. याउलट कंपन्या वेगळ्या, नावे वेगळी आणि माप मात्र एकच, असेही असते. ऑलिंपसची एलआय-४२बी, फुजीफिल्मची एनपी-४५ आणि निकॉनची ईएन-ईएल१० या एकाच घडणीच्या आहेत. जुना ऑलिंपस असेल आणि दुकानदाराने फुजीच्या नावाची बॅटरी पुढे केली तर ती फसवणूक नसते.

नंबरानंतर व्होल्ट पाहा. एका घटाच्या लिथियम-आयन बॅटरीवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेले असते. या दोन आकड्यांत व्यवहारात फरक नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर दोन्ही ४.२ व्होल्टला जातात आणि उतरल्यावर तीनच्या आसपास येतात. पण पॅनासॉनिकच्या डीएमडब्ल्यू-बीएलजी१० वर ७.२ व्होल्ट असते, कारण तिच्यात दोन घट एकामागे एक जोडलेले आहेत. ३.६ च्या जागी ७.२ किंवा उलट असा प्रयोग कधीही करू नका, मग बॅटरी खोबणीत बसत असली तरीही.

आणखी एक गोष्ट. काही कॅमेरे परकी बॅटरी ओळखून नाकारतात. पॅनासॉनिकने २००९ साली काही कॅमेऱ्यांच्या आतल्या प्रोग्राममध्ये बदल करून इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या बंद पाडल्या होत्या आणि कारण सुरक्षिततेचे दिले होते. म्हणून दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेताना दुकानातच आत घालून कॅमेरा सुरू करून पाहा. घरपोच मागवत असाल तर परत घेण्याची मुदत वाचून घ्या.

दुसरी खूण: आकडा

बॅटरीवर मिलीअँपिअर-अवर म्हणजे एमएएचचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि ग्राहक बहुधा त्यावरच भुलतो. शेजारी लहान अक्षरांत वॉट-अवरचा आकडा असतो. खरा तो. पाण्याने उदाहरण द्यायचे तर एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचीवर, आणि वॉट-अवर म्हणजे दोन्ही मिळून काम किती. गणित सोपे आहे. एमएएचला व्होल्टने गुणायचे आणि हजाराने भागायचे. सोनीच्या एनपी-बीएक्स१ वर १२४० एमएएच आणि ३.६ व्होल्ट आहे. गुणाकार ४४६४, हजाराने भागून ४.५ वॉट-अवरच्या जवळ. बॅटरीवर ४.५ हाच आकडा छापलेला आहे. आकडे जुळले, म्हणजे छापणाऱ्याने निदान विचार करून छापले आहे.

आता त्याच मापाच्या बॅटरीवर कुणी २००० एमएएच लिहिले असेल तर? म्हणजे ७.२ वॉट-अवर, साठ टक्के जास्त. एवढी ऊर्जा त्या डबीत कशी मावली, हा प्रश्न विचारायला हवा. कॅननने एनबी-११एल सुधारून एनबी-११एलएच आणली, तेव्हा क्षमता ६८० वरून ८०० एमएएचवर गेली, म्हणजे सुमारे अठरा टक्के वाढली. एनबी-६एल १००० ची होती, सुधारित एनबी-६एलएच १०६० ची झाली, म्हणजे अवघे सहा टक्के. मूळ कंपनीला तेवढ्याच जागेत इतकीच भर घालता आली, तर स्वस्त बॅटरीवाल्याने साठ टक्के भर घातली यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. मूळ आकड्याच्या आसपासचा, थोडा कमी किंवा किंचित जास्त आकडा लिहिणारी बॅटरी प्रामाणिक असण्याची शक्यता जास्त. आकडा जितका फुगवलेला तितका संशय धरा. बॅटरीवर एमएएच मोठा आणि वॉट-अवर गायब असेल, किंवा गुणाकार जुळत नसेल, तर ती तिथेच ठेवा.

आणखी एक साधी तपासणी आपल्या गावात सहज होते. बॅटरीतला माल वजनात दिसतो. मूळ आणि नवी अशा दोन्ही बॅटऱ्या सराफाच्या काट्यावर ठेवा. या बॅटऱ्या दहा-पंधरा ग्रॅमपासून पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंतच्या असतात, त्यामुळे किराणा दुकानाचा काटा चालत नाही. थोडाफार फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. पण जास्त एमएएचचा दावा करणारी बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा पाव हिश्शाने हलकी भरली, तर आत लहान घट आणि उरलेल्या जागेत प्लास्टिक आहे, असे समजायला हरकत नाही.

तिसरी खूण: तारीख

इथे बहुतेक जण चुकतात. ‘ओरिजिनल’ म्हटले की आपण निर्धास्त होतो. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याची ओरिजिनल बॅटरी आज सीलबंद मिळाली, तर ती केव्हाची आहे?

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली. या शोधामागच्या तिघांना, जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीची रचना अशी असते: दोन पातळ पट्ट्या, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळे भिजवणारा द्राव. चार्ज करताना लिथियमचे आयन एका पट्टीकडून दुसरीकडे जाऊन बसतात, वापरताना ते परत येतात. पण द्राव आणि पट्टी यांच्यात मंद गतीने दुसरीही रासायनिक क्रिया चालू असते. तिच्यात थोडेथोडे लिथियम कायमचे अडकते आणि आतला विरोध वाढत जातो. बॅटरी वापरली नाही तरी ही क्रिया थांबत नाही. उष्णतेत ती वेगाने चालते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आणखी वेगाने.

म्हणून कपाटातली न वापरलेली बॅटरीही म्हातारी होते. दहा-बारा वर्षे गोदामात पडलेली अस्सल बॅटरी नावाने नवी असते, कामाने नसते. कधी ती इतकी उतरलेली असते की आतल्या संरक्षक सर्किटने तिला तोडून टाकलेले असते, आणि चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. त्यापेक्षा गेल्या वर्षभरात बनलेली, नीट कंपनीची दुसरी बॅटरी जास्त चालते. कॅमेरा अजून बाजारात असेल तर ओरिजिनल घ्या. कॅमेरा बंद होऊन दहा वर्षे झाली असतील तर ताजेपणा पाहा. वेष्टनावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. ते नसेल तर दुकानदाराला माल कधी आला ते विचारा.

बाजारात तीन जाती दिसतील. पहिली कॅमेरा कंपनीची. दुसरी वेगळ्या कंपनीची, जी स्वतःच्या नावाने विकते आणि ‘या नंबराच्या जागी चालेल’ असे स्पष्ट लिहिते. तिसरी नकली, जिच्यावर कॅमेरा कंपनीचे नाव छापलेले असते पण माल भलत्याचाच असतो. दुसरी जात वाईट नाही, तिसरी वाईट. त्याच नावाची बॅटरी अस्सल बॅटरीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर तिसरी जात समोर आहे असे समजा. फिकट छपाई, चुकीचे स्पेलिंग, सैल बसणारे वेष्टन आणि किंचित पुढे आलेली कड या तिच्या खुणा.

संरक्षण: न दिसणारा भाग

बॅटरीच्या टोकाला सोनेरी पॉइंट असतात. एक धन, एक ऋण आणि बहुतेक वेळा मध्ये तिसरा, ज्याच्याजवळ टी हे इंग्रजी अक्षर असते. हा तिसरा पॉइंट तापमानाची खबर देतो. आत एक लहानसा घटक असतो, ज्याचा विद्युतविरोध तापमानाबरोबर बदलतो. चार्जर तो वाचतो आणि बॅटरी फार तापली तर चार्जिंग थांबवतो. स्वस्त बॅटऱ्यांत या घटकाऐवजी कधी साधा रेझिस्टर लावलेला असतो. तो ‘तापमान ठीक आहे’ एवढेच सांगत राहतो, बॅटरी तापली तरी.

याशिवाय पॉइंटच्या मागे बोटाच्या नखाएवढी सर्किटची पट्टी असते. मर्यादेपेक्षा जास्त चार्ज झाले, फार उतरली किंवा शॉर्ट झाली, तर ती बॅटरी तोडते. ही पट्टी बाहेरून दिसत नाही. म्हणून खुणेवर विसंबावे लागते. भारतात अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६. नोंदणी झालेल्या मालावर आर अक्षरानंतर आठ आकड्यांचा क्रमांक असतो. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे मोबाइल अॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव दिसते. नाव वेष्टनावरच्या नावाशी जुळत नसेल किंवा क्रमांकच नसेल, तर दोनशे रुपये वाचवण्यासाठी घरात आग लागण्याचा धोका पत्करू नका.

घरी आणल्यावर चाचणी

परत करण्याची मुदत असेपर्यंत ही चाचणी करून घ्या. कागद, पेन आणि घड्याळ एवढेच लागते.

नवी बॅटरी पूर्ण चार्ज करा. चार्जरचा दिवा बदलल्यावर ती अर्धा तास तशीच ठेवा. मग हाताला लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसेल इतकी गरम असेल तर चाचणी तिथेच थांबवा आणि परत करा. आता कॅमेऱ्यात घाला. सैल हलते का, अडकते का, खटका नीट बसतो का ते पाहा. स्क्रीनचा उजेड मधल्या खुणेवर ठेवा, वायफाय बंद करा, कॅमेरा टेबलावर ठेवून खिडकीकडे वळवा आणि व्हिडिओ सुरू करा. बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ सुमारे अर्ध्या तासाने आपोआप थांबतो. थांबला की लगेच पुन्हा सुरू करा. कॅमेरा बंद पडेपर्यंत किती मिनिटे झाली ते लिहा. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी जुन्या बॅटरीवर, त्याच खोलीत, त्याच वेळी करा.

समजा जुनी ४० मिनिटे चालली आणि नवी ६०, तर सौदा चांगला झाला. नवी ४५ चालली तर आत साधा माल आहे. ४० च्या खाली गेली तर परत करा. चाचणी चालू असताना स्क्रीनवरच्या बॅटरीच्या खुणेवरही लक्ष ठेवा. कॅमेरा ही खूण मुख्यतः व्होल्टवरून ठरवतो आणि हे गणित त्याच्या स्वतःच्या बॅटरीसाठी बसवलेले असते. दुसऱ्या बॅटरीत तीन रेषा बराच वेळ दिसतात आणि मग एकदम शेवटची लाल रेषा येते. तो बिघाड नव्हे. फक्त त्या बॅटरीवर असताना दोन रेषा दिसल्या की बदलायची, एवढे लक्षात ठेवा.

चाचणी संपल्यावर दोन्ही बॅटऱ्यांवर चिकटपट्टी लावून १ आणि २ असे आकडे घाला, खरेदीचा महिना लिहा. वर्षभराने पुन्हा हीच चाचणी केली की कोणती थकली ते कळते.

पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे

कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतले बरेच कॅमेरे आणि निकॉनच्या कूलपिक्स एल मालिकेतले बरेच कॅमेरे साध्या पेन्सिल सेलवर चालतात. टेंभुर्णीच्या कोणत्याही किराणा दुकानात सेल मिळतो, ही त्यांची मोठी सोय. पण तो सेल पंधरा-वीस फोटोंत बसला, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. सेलमध्ये ऊर्जा उरलेली असते, पण कॅमेरा भिंग हलवताना आणि फ्लॅश भरताना एकदम मोठा प्रवाह ओढतो. साध्या आणि अल्कलाइन सेलच्या आतल्या विरोधामुळे त्या क्षणी व्होल्ट खाली येतात, आणि कॅमेऱ्याला वाटते की सेल संपला. तोच सेल नंतर भिंतीवरच्या घड्याळात कित्येक महिने चालतो.

यावर उपाय निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्ज होणारे सेल. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेले असते, १.५ पेक्षा कमी, पण मोठ्या ओढीतही ते व्होल्ट टिकवून धरतात. त्यातही ‘पडून न उतरणारे’ प्रकारचे घ्या. सान्योने २००५ साली एनेलूप नावाने असे सेल आणले आणि आता अनेक कंपन्या बनवतात. साधारण १९०० ते २००० एमएएच हा त्यांचा प्रामाणिक आकडा. पेन्सिल सेलवर ३००० किंवा ४००० लिहिलेले दिसले तर तो सोडून पुढे जा. चारचा संच एकदम घ्या, एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. नवा-जुना मिसळू नका. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तिथे बदल करा, नाहीतर खूण चुकीची दिसते.

एक धोका लक्षात ठेवा. १४५०० या क्रमांकाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा असतो. असे दोन सेल घातले तर तीन व्होल्टच्या कॅमेऱ्यात सात व्होल्टहून जास्त जातात आणि कॅमेरा कायमचा जातो.

आपल्याकडचे ऊन आणि आपल्याकडची वीज

माढा तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. बंद गाडीच्या काचेमागे तो त्याहून कितीतरी वर जातो. लिथियम बॅटरीचे आयुष्य सगळ्यात जास्त उष्णता खाते. त्यामुळे बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. कॅमेऱ्याच्या पिशवीत, कापडात गुंडाळून, सावलीत ठेवा. चार्जिंगही भर दुपारी पत्र्याखाली करू नका. पहाटे किंवा रात्री करा. बहुतेक कंपन्या ४० अंशांपर्यंतच चार्जिंग करायला सांगतात.

वर्षातून चार-पाच वेळाच कॅमेरा काढत असाल, तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण उतरवूनही ठेवू नका. निम्मी भरलेली, घरातल्या थंड कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी थोडी चार्ज करा. पालखीच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. वीज कधी जाईल याचा नेम नसेल तर आदल्या रात्रीवर विसंबण्यापेक्षा दोन दिवस आधी भरलेली बरी. तेवढ्यात ती उतरत नाही.

जादा बॅटरीबरोबर स्वतंत्र चार्जर घ्या. कॅमेऱ्यातच बॅटरी चार्ज करायची तर तेवढा वेळ कॅमेरा अडकतो. यूएसबीवर चालणारा लहान चार्जर असेल तर एक बॅटरी कॅमेऱ्यात चालते आणि दुसरी पिशवीत पॉवर बँकवर भरते. १०,००० एमएएचची पॉवर बँक आतून ३.७ व्होल्टची, म्हणजे ३७ वॉट-अवरची असते. वाटेतली गळती धरली तरी तिच्यातून ४.५ वॉट-अवरची बॅटरी चार-पाच वेळा भरते. उजनीच्या काठावर दोन दिवस काढायला एवढे पुरेसे आहे.

जादा बॅटरी कधीही मोकळी खिशात टाकू नका. नाणे किंवा किल्ली दोन पॉइंटना एकदम लागली तर ती शॉर्ट होऊन तापते. प्लास्टिकची टोपी किंवा डबी मिळाली तर ती वापरा, नसेल तर पॉइंटवर चिकटपट्टी लावा. मुलाकडे परदेशी जाताना विमानात या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या असतात. मोठ्या बॅगेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या आतली बॅटरी हातात नेता येते आणि कॅमेऱ्याची बॅटरी त्या मर्यादेच्या फार खाली असते.

बॅटरी संपल्यावर

बॅटरी फुगली, खोबणीतून निघेना, किंवा गोडसर उग्र वास आला तर तिचे आयुष्य संपले. ती पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, उचकटून आत काय आहे ते पाहू नका. उकिरड्यावर टाकू नका, कचऱ्याबरोबर जाळू तर अजिबात नका. लिथियमची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. पॉइंटवर चिकटपट्टी लावून कोरड्या डबीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. बॅटरीवरची फुली मारलेल्या कचरापेटीची खूण ती साध्या कचऱ्यात टाकू नये हेच सांगते. दुकानदार जुनी घेत नसेल तर त्याला विचारत राहा. ग्राहकांनी विचारल्याशिवाय ही सोय गावोगावी होणार नाही.

सगळ्याचा निष्कर्ष असा. कॅमेरा आजही बाजारात असेल तर कंपनीची एक बॅटरी आणि एक स्वतंत्र चार्जर घ्या. कॅमेरा जुना असेल तर स्वतःचे नाव लावणाऱ्या चांगल्या कंपनीची, ताज्या तारखेची, नोंदणी क्रमांक असलेली आणि मूळ आकड्याच्या जवळपास आकडा सांगणारी बॅटरी घ्या. तीन स्वस्त बॅटऱ्यांपेक्षा अशी एक जास्त चालते. खरेदीला जाताना जुनी बॅटरी खिशात न्या आणि दुकानात उभे राहूनच नंबर, आकडा आणि तारीख या तिन्ही गोष्टी स्वतः वाचा.